पुढचें पान

या सदराच्या नित्याच्या वाचकांस आमच्या लेखणीची मर्यादा चांगली ठाऊक आहे. व्याकरण, मुलांचें पाठांतर, घरांतील जमाखर्च, जुन्या पोथ्यांची निगा, असे विषय सोडून ती सहसा उंबरठ्याबाहेर पाऊल टाकीत नाहीं. या खेपेस मात्र आम्ही संगणकाच्या पोटांत शिरणार आहों. आमच्यासारख्या जुन्या मॅट्रिकच्या शिक्षकानें असें धाडस करावें याचें कोणास हसूं आलें, तर त्यांनीं अवश्य हसावें. परंतु हसून झाल्यावर लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच आमची विनंति आहे. विषय यंत्राचा दिसला तरी त्याचा रोख दुसऱ्याचें लेखन तपासून त्याखालीं आपलें नांव घालणाऱ्या माणसावर आहे. तें काम आम्हीं जन्मभर केलें, आणि एकदां फार वाईट रीतीनेंहि केलें.

घडलें तें असें. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या पुण्यास संगणकाच्या व्यवसायांत आहे. दिवाळीच्या सुटींत ती घरीं आली होती. फराळाचीं ताटें उचललीं गेल्यावर ती माजघरांत भिंतीशीं टेकून, मांडीवर संगणक घेऊन बसली, ती दोन घटका झाल्या तरी हलेना. बोटें कळफलकावर नव्हतीं. डोळे मात्र पडद्यावरच्या तीस-पस्तीस ओळींवरून खालींवर फिरत होते. शेवटीं आमच्या मंडळींनीं विचारलेंच, “अगं, काम करते आहेस कीं नुसती बघत बसली आहेस?”

“काकू, हें बघणें हेंच माझें काम,” ती म्हणाली. “हें दुसऱ्या कोणीं लिहिलेलें आहे. तें बरोबर आहे असें मीं म्हटलें कीं माझें नांव त्याखालीं कायमचें राहणार. म्हणून भीति वाटते.”

हें शेवटचें वाक्य ऐकून आम्हीं हातांतील वर्तमानपत्र खालीं ठेविलें. आपल्या सहीची भीति वाटणारा परीक्षक आम्हांस पुष्कळ वर्षांत भेटला नव्हता. त्या रात्रीं आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं तिच्याकडून जें समजून घेतलें, तें आमच्या भाषेंत येथें सांगतों.

संगणकांतील सर्व कार्यक्रमांच्या बुडाशीं एक मूळ कार्यक्रम असतो. त्यास कर्नेल, म्हणजे गाभा, म्हणतात. स्मृति कोणास किती द्यावयाची, यंत्राचा वेळ कसा वांटावयाचा, एकाच्या हद्दींत दुसऱ्यास शिरूं कसें द्यावयाचें नाहीं, हा सगळा कारभार त्याच्याकडे असतो. एकत्र कुटुंबांत किल्ल्यांचा जुडगा कमरेस लावून वावरणारें जें एक वडील माणूस असतें, त्याचीच ही जागा. लिनक्स नांवाचा असा एक गाभा फिनलंडांतील हेलसिंकी येथें लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिहावयास घेतला. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्यें तोच आहे. आणि जगांतील ५०० सर्वांत बलाढ्य संगणकांची जी यादी वर्षांतून दोनदां निघते, तींतील एकूण एक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून त्याच्यावरच चालत आलेले आहेत. त्याची संहिता सर्वांस उघडी आहे. ती कोणींहि वाचावी, आणि चूक दिसल्यास कोणींहि दुरुस्ती सुचवावी.

सुचविलेल्या दुरुस्तीस ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, असें म्हणतात. जी ओळ काढून टाकावयाची तिच्या आरंभीं वजाबाकीची खूण असते. जी नव्यानें घालावयाची तिच्या आरंभीं बेरजेची. तें पाहतांच आम्हांस आमच्या पाठशाळेंतील पोथ्या आठवल्या. त्यांतहि नको असलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ फासलेला असे, आणि लिहितांना सुटलेलीं अक्षरें समासांत घालून ओळींत काकपदाची खूण केलेली असे. शोधन करणाऱ्याचीं साधनें बदललीं, पण रीत तीच राहिली, हें पाहून आमचें मन थोडें धीट झालें.

हें ठिगळ लेखकानें थेट गाभ्यास लावावयाचें नसतें. तें तो सर्वांसमक्ष मांडतो. जगाच्या पाठीवर कोठें कोठें बसलेलीं जाणतीं माणसें तें वाचतात, शंका काढतात. लेखक उत्तरें देतो, किंवा चूक मान्य करून दुसरा, तिसरा, प्रसंगीं दहावा खर्डा सादर करितो. लेखकास स्वतःची सही करावी लागतेच. हें लेखन देण्याचा आपणांस अधिकार आहे असें त्या सहीनें तो सांगतो, आणि ही चाल २००४ पासूनची आहे. त्याशिवाय ज्यानें बारकाईनें वाचलें, तोहि आपली सही देतो. या दुसऱ्या सहीचा अर्थ कर्नेलच्या दप्तरांत स्पष्ट लिहून ठेविलेला आहे. आपण तांत्रिक दृष्ट्या तपासणी केली, आढळलेल्या अडचणी लेखकास कळविल्या, त्यानें दिलेल्या उत्तरांनीं आपलें समाधान झालें, आणि आपल्या मतें हें गाभ्यांत घेण्यायोग्य आहे, असें तपासणारा म्हणत असतो. तें सर्व प्रसंगीं बिनचूक चालेल अशी हमी मात्र तो देत नाहीं. हमी नाहीं आणि तरीहि जबाबदारी आहे, ही अवस्था उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येक शिक्षकास परिचयाची असेल.

आतां आमच्या पुतणीच्या मांडीवरील त्या ओळी कशाविषयीं होत्या, तें सांगतों. संगणकाची स्मृति पानांनीं मोजतात. सामान्यतः एका पानांत ४,०९६ बाइट, म्हणजे तितकीं अक्षरें, मावतात. कोणतें पान कोठें आहे याची अनुक्रमणिका ठेवावी लागते, आणि एक जीबी स्मृतीचीं पानें होतात २,६२,१४४. एवढी अनुक्रमणिका पदोपदीं चाळावयाची म्हणजे वेळेचा अपव्यय. म्हणून ५१२ लहान पानें एकत्र शिवून दोन एमबीचें एक मोठें पान करण्याची सोय काढली गेली. तसें केल्यास त्याच एक जीबीस ५१२ नोंदी पुरतात. ज्यांचें कामच अवाढव्य, त्यांच्यासाठीं सबंध एक जीबीचें अजस्र पानहि मिळतें. त्यास एकच नोंद.

सोय झाली, परंतु तिच्याबरोबर एक अडचण आली. मोठें पान बाहेरून एक दिसलें तरी त्यांत मजकूर उतरवावयाचा तो लहान पानांच्या हिशेबानेंच, एकामागून एक. हें उतरविण्याचें काम कोणत्या प्रसंगीं पडतें, त्याचें एक उदाहरण तिनें दिलें. हल्लीं एका मोठ्या यंत्राच्या पोटांत अनेक आभासी संगणक चालवितात. असा एक संगणक चालू असतांनाच त्याचें बिऱ्हाड दुसऱ्या यंत्रावर हलवावयाचें असतें. माणसें पुढें जातात आणि सामान मागून येतें. तद्वत् तो संगणक नव्या जागीं कामास लागतो आणि त्याच्या स्मृतीचीं पानें मागाहून येत राहतात. न आलेलें पान त्यानें मागितलें कीं तो क्षणभर थांबतो. त्यावर नेमलेला राखणदार कार्यक्रम जुन्या जागेहून मजकूर आणवितो आणि गाभ्यास म्हणतो, “हा मजकूर अमुक पानांत उतरवून दे.” मोठ्या पानांसाठीं ही सोय २०१७ सालीं, लिनक्सच्या ४.११ या आवृत्तींत आली. मजकूर उतरविणारा भाग उणापुरा पंचवीस-तीस ओळींचा होता.

त्याची रीत समजावयास कठीण नाहीं. एक लहान पान हातीं घ्यावें. त्यांत मजकूर उतरवावा. किती अक्षरें उतरवावयाचीं राहिलीं तें मोजावें. पान खालीं ठेवावें. राहिलेलें असेल तर तेथेंच थांबावें, नसेल तर पुढचें पान घ्यावें. आणि शेवटीं ‘इतकें उरलें’ असा आंकडा विचारणाऱ्यास सांगावा. मूळ मजकूर ज्या ठिकाणाहून घ्यावयाचा तें ठिकाणच त्या क्षणीं स्मृतींत नसेल, तर काय? तें आणण्यासाठीं खोळंबून बसावें, तर हातांत कुलूप धरलेलें. त्या कुलुपावर इतर सर्व अडून राहणार. म्हणून पहिल्या खेपेस ‘मजकूर हजर नसेल तर थांबूं नकोस, उरलें तें सांग’ अशी ताकीद असते. कांहीं उरलें तर कुलूप सोडावयाचें, मजकूर सावकाश उतरवावयाचा, आणि पुन्हां कुलूप लावून मधल्या काळांत कांहीं बदललें नाहीं ना, हें प्रथमपासून पाहावयाचें. ‘उरलें किती’ हें न लपवितां सांगण्याची ती शिस्त पाहून आम्हांस फार संतोष झाला. अर्धवट सोडविलेल्या गणितावर विद्यार्थी जर असें लिहितील, तर शिक्षकाचें अर्धें आयुष्य वांचेल!

“मग यांत चूक ती कोठें?” आम्हीं विचारलें.

“काका, यांत दोन चुका होत्या,” ती म्हणाली. “पहिली चार वर्षांनीं सांपडली, दुसरी पांच वर्षांनीं. आणि मूळ लेखन जाणत्या माणसांनीं लिहिलेलें व जाणत्या माणसांनीं वाचलेलें होतें.”

पहिली चूक ‘पुढचें पान’ या दोन शब्दांत होती. स्मृतीच्या प्रत्येक लहान पानाची एक नोंद गाभ्याच्या वहींत असते. उतरविणारा भाग असें गृहीत धरून चालला होता कीं, पुढच्या पानाची नोंद म्हणजे या नोंदीच्या लगतची नोंद. बोट एक घर पुढें सरकविलें कीं झालें. बहुतेक यंत्रांत हें खरेंच असतें. परंतु गाभ्याची एक जुनी मांडणी अशी आहे कीं, तींत स्मृतीचे खंड पाडतात आणि प्रत्येक खंडाची वही निराळी असते. नेहमींच्या चौसष्ट-बिटी यंत्रांत असा खंड १२८ एमबीचा, म्हणजे एका वहींत ३२,७६८ नोंदी. दोन एमबीचें मोठें पान एका खंडाबाहेर कधींच जात नाहीं. एक जीबीचें अजस्र पान मात्र आठ खंडांवर पसरतें. त्या आठ वह्या ओळीनें शेजारीं लावलेल्या असल्या, तर बोट सरकवीत गेल्यानें बिघडत नाहीं. परंतु यंत्र चालू असतांना त्यास नवी स्मृति जोडली, तर तिच्या वह्या जेथें जागा मिळेल तेथें ठेविल्या जातात. अशा वेळीं पहिली वही संपल्यावर बोट पुढें सरकलें कीं तें परक्याच्या वहींत पडूं शकतें. आणि तेथें ज्या पानाची नोंद असेल, त्या निरपराध पानावर आपला मजकूर चढतो.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. ज्याचें पान पुसलें गेलें त्यास पत्ता नाहीं. ज्याचा मजकूर होता त्यास तो पोंचला नाहीं. आणि उतरविणारा भाग प्रामाणिकपणें आंकडा सांगतो, ‘कांहीं उरलें नाहीं.’ त्याची गणना चुकलेली नव्हती. सर्व अक्षरें उतरलीं होतीं, कोठें उतरलीं एवढेंच त्यास ठाऊक नव्हतें. २०२१ सालीं, ५.१२ या आवृत्तींत, हा दोष दूर झाला. दुरुस्ती दोन-चार ओळींची होती. ठराविक पानांनंतर वहीवरचें बोट उचलावें, सबंध स्मृतींतील पानाचा क्रमांक घ्यावा, आणि त्या क्रमांकावरून नोंद नव्यानें शोधून काढावी.

दुसरी चूक याहून सूक्ष्म. यंत्राचा मेंदू नित्य लागणारा मजकूर आपल्याजवळच्या कप्प्यांत ठेवितो. कांहीं जातींच्या मेंदूंत हे कप्पे पत्त्याप्रमाणें लाविलेले असतात. आणि एकाच पानास गाभा एका पत्त्यानें ओळखतो, तर तें पान वापरणारा कार्यक्रम दुसऱ्या पत्त्यानें. घरांत ज्यास बापू म्हणतात त्याचें कचेरींतील नांव निराळें असावें, आणि त्याचीं पत्रें दोन निरनिराळ्या खणांत पडावीं, तसाच हा प्रकार. गाभ्यानें आपल्या पत्त्यानें लिहिलेलें जवळच्या कप्प्यांतच राहिलें, तर वापरणारा आपल्या पत्त्यानें पाहूं जातां त्यास जुनाच मजकूर दिसावा. लिहून झाल्यावर कप्पा रिकामा करून मजकूर मूळ पानांत पोंचता करण्याची जी एक आज्ञा द्यावयास पाहिजे, ती राहून गेली होती. ती २०२२ सालीं, ५.१८ या आवृत्तींत घातली गेली. आपल्या घरोघरच्या साध्या संगणकांत त्या आज्ञेनें कांहींच फरक पडत नाहीं. म्हणून त्यांच्यावर कितीहि वेळां चालवून पाहिलें असतें तरी दोष दिसला नसता.

दोन्ही दोषांतील साम्य आमच्या ध्यानांत आलें, तेव्हां आमची झोंप उडाली. लिहिलेल्या ओळींपैकीं कोणतीहि एकटी घेऊन पाहिली तर ती शुद्ध होती. दोष होता तो न लिहिलेल्या गोष्टींत. वह्या शेजारीं आहेत हें कोणीं लिहिलें नव्हतें. सर्वांनीं मानलें होतें. वाचणाऱ्याचे डोळे अक्षरांवरून फिरतात, आणि जें अक्षरांत नाहीं तें त्यांस दिसत नाहीं. किंबहुना वाचणाराहि तेंच मानणारा असला म्हणजे तें दिसण्याचा संभवच उरत नाहीं.

हें आम्हीं यंत्रापासून शिकलों असतों तर बरें झालें असतें. दुर्दैवानें आम्ही तें आधींच, आपल्याच हातून शिकलों होतों. आमच्या कुलाचा कुलवृत्तांत २००६ सालीं छापला गेला. रत्नागिरीकडील शाखा, वाईची शाखा आणि वऱ्हाडांत गेलेली शाखा, अशा तीन शाखांनीं आपापलीं हस्तलिखित पानें मंडळाकडे पाठविलीं. मुद्रितें तपासण्याचें काम आमच्याकडे आलें. संस्कृताचा शिक्षक, शुद्धलेखनाचा कडवा, तेव्हां दुसऱ्या कोणाकडे जावें? आम्हींहि अभिमानानें एकूण एक ऱ्हस्व-दीर्घ पाहिला. पुस्तकाच्या आरंभीं ‘मुद्रितशोधन’ या शब्दापुढें आमचें नांव छापलें गेलें.

प्रती वांटून झाल्यावर महिन्याभरानें वाईहून एक कार्ड आलें. नात्यानें दूरच्या, परंतु लहानपणीं आम्हांस कडेवर घेतलेल्या आत्याबाईंचें तें होतें. त्यांचें वय तेव्हां त्र्याऐंशीचें. त्यांनीं लिहिलें होतें: “तपासणाराचें नांव तुझें आहे म्हणून तुलाच लिहितें. पुस्तकांत माझ्या वडिलांस चार मुलगे दाखविले आहेत. ते असते तर त्यांनीं म्हातारपणीं घर विकून माझ्याकडे येऊन राहिलें नसतें. आम्ही तिघी बहिणी दुसऱ्याच कोणाच्या मुली झालों आहों. सवड होईल तेव्हां मला माझ्या वडिलांच्या नांवाखालीं परत आणून बसव.”

आम्हीं मूळ पानें काढून पाहिलीं. तिन्ही शाखांनीं आपापल्या पानांवर एकपासून आंकडे घातले होते. वाईच्या पुडक्याचें एकेचाळिसावें पान ‘यांचीं अपत्यें’ या शब्दांवर संपत होतें. त्याच्या खालीं रत्नागिरीच्या पुडक्याचें बेचाळिसावें पान आलें होतें, आणि रत्नागिरीच्या एकेचाळिसाव्याखालीं वाईचें बेचाळिसावें. एकेचाळीसनंतर बेचाळीस! क्रमांत कोठेंहि चूक नव्हती. आणखी एक गोष्ट सांगावयास लाज वाटते, पण सांगतों. ज्या गृहस्थाच्या पदरीं या तिघी बहिणी छापल्या गेल्या, त्याच्या मृत्यूचें साल त्याच पृष्ठावर होतें, आणि तें थोरल्या बहिणीच्या जन्मसालाच्या अगोदरचें होतें. आम्हीं दोन्ही सालें वाचलीं. आंकडे स्पष्ट उठले आहेत कीं नाहींत हें पाहिलें. आणि पुढें गेलों.

आमच्या जुन्या पोथ्या लिहिणारे याहून सावध होते. त्यांच्या पोथ्याहि सुट्या पत्रांच्या. परंतु पत्राच्या पाठीमागें समासांत ते नुसता पत्रांक घालीत नसत. ग्रंथाचें संक्षिप्त नांवहि घालीत. वारा आला, पोथी उधळली, दोन ग्रंथांचीं पत्रें मिसळलीं, तरी कोणतें पत्र कोणाचें हें पत्रच सांगे. शेजारीं कोण पडलें आहे यावर विश्वासून राहण्याची पाळी त्यांनीं येऊं दिली नव्हती. कर्नेलवाल्यांनीं २०२१ सालीं बोट उचलून पानाचा मूळ क्रमांक पाहावयास सुरुवात केली, ती याच शहाणपणानें. आम्ही मात्र हें शहाणपण मुलांस शिकवीत होतों, आणि आपल्या मेजावर तें वापरीत नव्हतों.

आम्हीं शुद्धिपत्र छापलें. त्यांत दोष कोणत्या पृष्ठावरचा, मूळ पान कोणतें, आणि तपासणीची चूक कोणाची, हें तिन्ही लिहिलें. पांचशें प्रतींपैकीं ज्यांचे पत्ते होते त्यांस तें पोंचलें. बाकीच्यांच्या कपाटांत आत्याबाई अजून परक्याच्या घरीं आहेत. त्या पुढें दोन वर्षांनीं गेल्या. त्यांची प्रत त्यांच्या नातवानें आम्हांस दाखविली. शुद्धिपत्र त्यांनीं खळ लावून त्या पृष्ठावर बरोबर चिकटविलें होतें.

हें सर्व आम्हीं पुतणीस सांगितलें. ती म्हणाली कीं कर्नेलमध्यें दुरुस्ती करणारा, ज्या मूळ लेखनांत दोष शिरला त्याचा क्रमांक व मथळा आपल्या दुरुस्तीखालीं लिहितो. त्यांत कोणास दूषण देण्याचा हेतु नसतो. जुनी आवृत्ति ज्यांच्याकडे आहे त्यांस ‘हा दोष तुमच्याकडेहि आहे का’ हें ताडून पाहतां यावें, हा हेतु असतो. आमच्या शुद्धिपत्राचाहि हेतु दुसरा नव्हता.

मग ती पुन्हां आपल्या ओळींकडे वळली. मोठ्या पानांत मजकूर उतरविण्याची तीच जुनी रीत, नव्या पद्धतीनें लिहिलेली, तिच्यापुढें होती. जानेवारी २०२२ मध्यें निघालेल्या ५.१६ या आवृत्तीपासून गाभ्यांत अनेक पानांच्या जुडीस ‘फोलिओ’ असें एक नांव मिळालें आहे. फोलिओ म्हणजे पोथीचें पत्रच कीं! तिनें आम्हांस विचारलें, “काका, तुम्ही असतां तर यांत पहिल्यानें काय पाहिलें असतें?” आम्हीं म्हटलें, “आम्हांस ही भाषा येत नाहीं. पण जेथें जेथें ‘पुढचें’ असें असेल, तेथें तेथें विचार, कीं पुढचें कोणत्या आधारानें?”

तिनें वरपासून पुन्हां वाचलें. एका ठिकाणीं थांबली. मग त्या लेखकास, ज्याचें तोंडहि तिनें कधीं पाहिलें नाहीं, त्यास दोन वाक्यें लिहिलीं. आपण केलेलें काम चांगलें आहे. फक्त अमुक ओळींत जें मानलें आहे तें एक जीबीच्या पानासहि लागूं आहे का, एवढें सांगावें. ‘तुम्हीं चूक केली’ असें तींत कोठें नव्हतें. शंका मात्र आडपडदा न ठेवितां विचारली होती. तिसऱ्या दिवशीं उत्तर आलें. तिची शंका निराधार ठरली होती. तो विचार या ओळींपर्यंत येण्यापूर्वींच दुसरीकडे केलेला होता. आम्हांस वाटलें, मुलगी हिरमुसली होईल. तिचें मुख तर प्रसन्न! कारण पुढच्या खर्ड्यांत लेखकानें त्या ओळीवर दोन ओळींची टीप घातली होती: येथें अमुक गोष्ट मानलेली आहे, आणि ती तमुक ठिकाणीं तपासलेली आहे. दहा वर्षांनीं वाचणाऱ्यास तो प्रश्न पुन्हां पडावयास नको. जें केवळ गृहीत होतें तें आतां अक्षरांत आलें. तेव्हां तिनें आपली सही दिली.

तपासणाराचें सर्वांत मोठें काम हेंच, असें आतां आमचें मत झालें आहे. चूक सांपडणें हा भाग्याचा भाग. परंतु लिहिणाऱ्याच्या मनांत जें न बोलतां बसलेलें असतें, त्यास विचारून विचारून कागदावर आणणें हें प्रत्येक वेळीं करतां येतें, आणि शंका खोटी ठरली तरी तो श्रम वायां जात नाहीं. हें घरांतहि लागूं आहे. औषधांच्या यादींत ‘मागीलप्रमाणें’ असें असेल, तर मागील म्हणजे कोणती यादी? मृत्युपत्रांत ‘उरलेलें सर्व’ असें असेल, तर कशांतून उरलेलें? हे प्रश्न विचारणारा माणूस किरकिरा वाटतो. घरांत असा एक तरी किरकिरा असूं द्यावा, आणि त्यानें आदरानें विचारावें.

कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ति निघत आहे. मुद्रितें आमच्याच मेजावर आलीं आहेत. मंडळानें पुन्हां विश्वास टाकला, हा त्यांचा मोठेपणा. या खेपेस प्रत्येक हस्तलिखित पानाच्या समासांत शाखेचें संक्षिप्त नांव आणि त्याखालीं आंकडा, असें आम्हीं आधीं घालून घेतलें, आणि मगच छपाईस दिलें. मुद्रितांच्या गठ्ठ्यांतून आम्हीं सर्वांत प्रथम आत्याबाईंचें पान काढून पाहिलें. त्या आपल्या वडिलांच्या नांवाखालीं आहेत. पुढचें पान अजून पाहावयाचें आहे.